सोळाव्या वर्षी पैलवान व्हायचंय? आधी जोड शोधा, मग तालीम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा 16 वर्षांचा, अकरावीत, घर गोव्यात साखळीजवळ. उंची 5 फूट 9 इंच, वजन 72 किलो. दोन वर्षं जिमला जातो. टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूई बघून 'पैलवानच व्हायचं' म्हणून हटून बसलाय. कॉलेज सोडवून त्याला कोल्हापूरच्या तालमीत ठेवू की पंजाबातल्या रिंगच्या अकादमीत, आणि यात पोट भरतं का?

कुठे ठेवायचं हे सगळ्यात शेवटी ठरतं. आधी ठरायला हवं की त्याला नेमकं काय करायचंय, कारण कुस्तीत तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींचा पैसा वेगवेगळ्या ठिकाणाहून येतो. गादीवरच्या ऑलिम्पिक कुस्तीत पैसा मुख्यतः नोकरीतून येतो: सैन्यदल, रेल्वे, पोलीस, निमलष्करी दलं. मातीतल्या मैदानी कुस्तीत तो यात्रा कमिटीच्या इनामातून येतो, म्हणजे दिवाळी ते मे असा हंगामी. रिंगमध्ये चालतं ते कसरतीचं नाट्य. निकाल आधी ठरलेला असतो, आणि 1989 मध्ये न्यू जर्सी राज्यापुढे डब्ल्यूडब्ल्यूई चालवणाऱ्या कंपनीनेच हे मान्य केलेलं आहे. तिथे पैसा कंपनीच्या करारातून येतो, आणि करार प्रेक्षकांना तुम्ही किती आवडता यावर टिकतो. मार मात्र खरा लागतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

माझं मत स्पष्ट आहे. वयाच्या 20 वर्षांपर्यंत त्याने गादीवरची कुस्ती करावी आणि बारावी पूर्ण करावी. गादीवरचं कौशल्य मातीतही चालतं आणि रिंगमध्येही. उलटा रस्ता नाही. रिंगमध्ये नाव काढलेले बघा: कर्ट अँगल 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता मल्ल होता, ब्रॉक लेस्नर 2000 साली अमेरिकेतला विद्यापीठ विजेता. रिंगमध्ये पोचलेले आपल्याकडचेही तसेच. खली पंजाब पोलिसात होते, कविता देवी वेटलिफ्टिंगमधून आल्या, रिंकू सिंग भालाफेक आणि बेसबॉलमधून. सोळाव्या वर्षी थेट रिंगमध्ये उतरून यांपैकी कुणी वर आलेलं नाही. आधी एका खेळात शरीर घडलं, मग रिंग आली.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य करतो. घरात दुसरं उत्पन्न आहे का, मुलाला गुडघ्याची किंवा मानेची जुनी तक्रार आहे का, आणि मुख्य म्हणजे हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी तो सरावाला येतो का. हे शेवटचं तुम्हाला घरी बसून कळणार नाही. त्यासाठी सहा महिने गादी लागते.

आता गोव्याची खरी अडचण. ती जागेची नाही, सरकारी मदतीचीही नाही. ती जोडीची आहे. मल्लाला रोज झटायला, म्हणजे सरावाची कुस्ती खेळायला, त्याच्या वजनाच्या जवळपासचे किमान तीन जण लागतात: एक त्याच्यापेक्षा पाच-सात किलो जड, एक बरोबरीचा, आणि एक हलका पण चपळ. जड माणसाखाली ताकद आणि दम कळतो, बरोबरीच्यावर डाव लागतो की नाही ते कळतं, हलक्यामुळे पाय हलते राहतात. कोल्हापूर-सांगलीच्या एका बऱ्या तालमीत 70 ते 80 किलोचे दहा-पंधरा मल्ल एका वेळी सापडतील. डिचोली, सत्तरी, पेडणे या तीन तालुक्यांत मिळून तेवढे जमवायलाही कष्ट पडतील.

याचा परिणाम पालकांच्या लवकर लक्षात येत नाही. गोवा लहान राज्य असल्याने निवड चाचणीत एका वजनगटात एखाद-दोनच स्पर्धक असू शकतात. मुलगा एक कुस्ती जिंकतो, कधी तीही न खेळता, आणि राष्ट्रीय स्पर्धेला जातो. घरी हार, गावात फलक. तिथे समोर हरियाणा, दिल्ली, सेनादल किंवा महाराष्ट्राचा मुलगा उभा राहतो आणि दीड मिनिटात 10-0 होतं. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथेच संपते. हाती राहतं सहभागाचं प्रमाणपत्र. म्हणून तो राष्ट्रीयला गेला का, हा प्रश्न सोडून द्या. किती मिनिटं टिकला आणि स्वतःच्या चढाईतून किती गुण घेतले, एवढंच मोजा. पहिल्या वर्षी तो पूर्ण वेळ उभा राहिला आणि एक पट (समोरच्याचा पाय धरून पाडायचा डाव) लावून दोन गुण घेऊन आला, तर मी ते चांगलं वर्ष म्हणेन.

म्हणून पुढचं वर्ष-दीड वर्ष गोव्यातच पाया घाला. गोवा क्रीडा प्राधिकरणाच्या कार्यालयात आणि राज्याच्या कुस्ती संघटनेकडे जाऊन विचारा: तुमच्या जवळच्या कुठल्या संकुलात कुस्तीची गादी अंथरलेली आहे, प्रशिक्षक कोणत्या वेळेला असतो, आणि 65 ते 80 किलोची किती मुलं नियमित येतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात घ्या. मुलं कमी असतील तर जवळपास जुदोचा वर्ग आहे का बघा. जुदोवाल्याची पकड वेगळी, पण तोल मोडणं आणि फेक तीच, आणि त्याच्याशी झटून पकडीची ताकद झपाट्याने वाढते.

गादी स्वतःच करायची वेळ आली, तर स्पर्धेच्या 12 बाय 12 मीटरच्या गादीमागे लागू नका. 6 बाय 6 मीटरमध्ये तीन जोड्या आरामात सराव करतात. फोम 5 ते 6 सेंटिमीटर जाड हवा, वर विनायलचं आवरण. गोव्यात घात होतो तो खालून. जांभ्याच्या किंवा सिमेंटच्या जमिनीवर थेट फोम टाकला की जून ते सप्टेंबर खालून ओल चढते, बुरशी येते, फोम बसतो. खाली लाकडी फळ्यांचा थोडा उंच सांगाडा करा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तुकडे उचलून वाळवा.

मातीचा हौदा गोव्यात करायचा तर जास्त मेहनत आहे. आपल्या जांभ्याच्या मातीत खडे असतात, गुडघे-कोपरं सोलतात. मऊ लाल माती घाटावरून आणावी लागते, चाळून किमान दीड फूट भरावी लागते, त्यात तेल, ताक, हळद, कापूर, लिंबाचा रस मुरवावा लागतो आणि रोज फावड्याने उकरावी लागते. जोतं उंच आणि वर पक्कं छप्पर नसेल तर पावसात त्याचा चिखल होतो. सुरुवातीला हा खटाटोप करू नका.

पहिले सहा महिने काय शिकवायचं? आधी उभं राहणं: गुडघे वाकलेले, पाठ सरळ, डोकं वर, कोपरं बरगडीला. मग पातळी बदलणं, म्हणजे कमरेत न वाकता गुडघ्यांतून खाली जाणं. मग एकेरी पट आणि दुहेरी पट, आणि समोरच्याने पट काढला तर पाय मागे फेकून छाती त्याच्या पाठीवर टाकणं. गादीवर खाली आल्यावर भारंदाज, म्हणजे समोरच्याला कमरेला कवळून लोळवणं. इतकंच. ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डोळ्यांना फार सुंदर डाव आहेत आणि मुलांना तेच शिकायचे असतात, पण गादीवर नवख्याचे गुण जातात ते पटात. ढाक लावायला गेलेला नवखा अंगावर घेऊन पडतो आणि गुण देऊन बसतो.

गादी आणि मातीचा फरक इथे समजून घ्या. मातीत खडाखडी लांबते, मल्ल ताठ उभा राहून हात-मानेची ताकद अजमावतो, निकाल चितपटीवर लागतो आणि कुस्ती अर्धा तासही चालू शकते. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये 30 सेकंदांची विश्रांती. 17 वर्षांखालच्यांना दोन-दोन मिनिटंच. वर्तुळ 9 मीटरचं. त्याबाहेर पाय गेला की समोरच्याला एक गुण. निष्क्रिय राहिलात तर पंच 30 सेकंदांचं घड्याळ लावतो, आणि तेवढ्यात गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण मिळतो. मातीत वाढलेला चांगला मल्ल गादीवर हरतो तो असा, रेटला जाऊन आणि वाट बघत बसून. खाशाबा जाधवांनाही 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये गादी नवी होती; ते सहावे आले. चार वर्षं त्यावर मेहनत केल्यावर 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक आलं.

आठवड्याची घडी साधारण अशी ठेवा: पाच दिवस गादीवर दीड तास, त्यांतल्या दोन दिवशी सकाळी वेगळी ताकदीची मेहनत, रविवार पूर्ण विश्रांती. त्याच्या जिमच्या सवयीत बदल लागेल. बेंच प्रेस आणि आरशासमोरचे बायसेप्स बाजूला ठेवा. जोर, बैठका, सपाट्या, दोरावर चढणं, पुल-अप, डेडलिफ्ट आणि जोडीदाराला खांद्यावर घेऊन चालणं, हे कुस्तीच्या कामाचं आहे. सुरुवात 50 जोर आणि 100 बैठकांनी करा, दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. तालमीत हजार-हजार बैठकांच्या गोष्टी सांगतात. सोळाव्या वर्षीच्या गुडघ्याला त्या आकड्याची गरज नाही. मानेसाठी पूल, म्हणजे डोकं आणि पाय टेकून अंगाची कमान करणं, तोही आधी हातांचा आधार देऊन, 20 सेकंदांचे तीन. मान तयार नसताना झटायला उतरवणं ही मला सगळ्यात धोक्याची घाई वाटते.

सहा महिन्यांनी फ्रीस्टाइल की ग्रीको-रोमन याचा विचार करा. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड नाही आणि पाय वापरता येत नाहीत. जिममुळे ज्याची छाती-पाठ आधीच भरलेली आहे आणि पट मात्र उशिरा शिकतोय, अशा मुलाला ती शैली लवकर बसते. तिच्याकडे वळणारी मुलं कमी, म्हणून गर्दीही थोडी विरळ, आणि राष्ट्रीय पदकाचं प्रमाणपत्र नोकरीसाठी तितकंच चालतं. पण शिकवणारा त्या शैलीचा हवा, नाहीतर मुलगा दोन्हींत अर्धा राहतो.

गोव्याच्या दमट हवेत त्वचेकडे दुर्लक्ष केलंत तर हंगाम जातो. गजकर्ण एकाला झालं की पंधरा दिवसांत सगळ्या गादीवर पसरतं. सराव संपल्यावर अर्ध्या तासात साबणाने आंघोळ, कपडे रोज धुतलेले, टॉवेल कुणाशी वाटून घ्यायचा नाही, नखं कापलेली. गादी रोज पुसायची: घरगुती ब्लीच एका लिटर पाण्यात 10 मिलिलिटर, दहा मिनिटं ओलं ठेवून मग कोरडं. डाग दिसला की त्वचेच्या डॉक्टरकडे. औषधाच्या दुकानातून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. दोन दिवसांत खाज थांबते, डाग फिकटतो, आणि बुरशी आतून आणखी घट्ट होते. मग महिनोन्‌महिने जात नाही. औषध सुरू करून किमान 72 तास झाल्याशिवाय आणि डॉक्टर हो म्हटल्याशिवाय त्याला गादीवर घेऊ नका, मग निवड चाचणी उद्या का असेना.

पाण्याचंही तेच. सरावाआधी आणि नंतर वजन करा. जेवढे किलो उतरले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत पोटात जायला हवं, त्यात चिमूट मीठ. मे महिन्यात दीड तासात दीड किलो सहज उतरतं, आणि मुलाला वाटतं चरबी गेली. गेलेलं असतं पाणी.

खुराकाबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाहीत, पण घरखर्चात खरा बोजा तोच असतो. 72 किलोच्या वाढत्या मल्लाला दिवसाला साधारण 115 ते 145 ग्रॅम प्रथिनं लागतात. गोव्याच्या स्वयंपाकघरात ती सहज बसतात. एक लिटर दुधातून सुमारे 32 ग्रॅम, चार अंड्यांतून 24, 200 ग्रॅम बांगड्याच्या किंवा तारल्याच्या मासातून 38, शंभर ग्रॅम चणे-मूग-कुळथातून 20 च्या वर. उकड्या तांदळाचा भात आणि पेज यांतून पंधरा-सतरा येतात ते वेगळेच. बेरीज करा, डबा विकत घ्यायची गरज उरत नाही. बदामांची थंडाई अवश्य द्या, पण 40-50 ग्रॅम बदाम पुरेत. त्यांतून प्रथिनं दहा ग्रॅम आणि बाकी उष्मांक. सरावानंतर तासाभरात भात आणि मासे पोटात जाऊ द्या.

डब्यांविषयी ठामपणे सांगतो. जिममध्ये कुणी दिलेली पावडर, 'मास गेनर', गोळी, इंजेक्शन यांतलं काहीही त्याने घेऊ नये. उत्तेजक चाचणीत सापडला तर 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर वाचवत नाही, बंदी चार वर्षांपर्यंत जाते. नमुना द्यायला नकार दिला तरी तेवढीच शिक्षा. बजरंग पुनियासारख्या ऑलिम्पिक पदकविजेत्याला 2024 मध्ये त्याच कारणासाठी चार वर्षांची बंदी झाली. साध्या सर्दी-खोकल्याच्या औषधातही बंदी असलेला घटक असू शकतो. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं 'नो युवर मेडिसिन' हे ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघायची सवय आतापासून लावा.

वजनगटाचं गणित. 17 वर्षांखालच्या गटात 71 आणि 80 असे गट आहेत, पुढे 20 वर्षांखालच्यात 70, 74, 79. तुमचा मुलगा अजून वाढतोय. आत्ता 71 साठी एक किलो उतरवायला हरकत नाही, पण 65 ला खेळवतो म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नका. आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त, म्हणजे त्याच्या बाबतीत एका किलोहून जास्त उतरवायचं नाही. मोठ्या स्पर्धांत वजन दोन्ही दिवशी सकाळी होतं आणि सवलत मिळत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी 50 किलोपेक्षा 100 ग्रॅम जास्त भरल्या आणि अपात्र ठरल्या. त्याच स्पर्धेत 57 किलोत कांस्य जिंकणारा अमन सेहरावत 2025 च्या जागतिक स्पर्धेत 1.7 किलो जास्त भरल्याने गादीवर उतरूच शकला नाही. त्यांच्यामागे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, प्रशिक्षक असा ताफा असतो, तरी हे होतं. अंगात प्लास्टिक गुंडाळून धावणारा, थुंकून थुंकून वजन उतरवणारा सोळा वर्षांचा मुलगा गादीवर दुसऱ्या डावात उभा राहू शकत नाही.

आता पैसा आणि कागद. खेलो इंडियात निवड झाली तर खेळाडूला महिन्याला 10,000 रुपये खर्चापोटी मिळतात. ऑलिम्पिकसाठीच्या 'टॉप्स' या सरकारी योजनेच्या मुख्य यादीत पोचला तर 50,000. ती यादी फार छोटी आहे, तिच्यावर घर चालवायचा बेत करू नका. प्रो रेसलिंग लीग 2015 ला सुरू झाली, 2019 नंतर कित्येक वर्षं झालीच नाही. 2023 मध्ये तर निवडणूक न झाल्याने भारतीय महासंघाला जागतिक संघटनेने निलंबित केलं, त्या काळात देशभरच्या मुलांच्या स्पर्धा रखडल्या. मल्लाच्या हातात नसलेल्या गोष्टीत त्याचं एक-दोन वर्षं जाऊ शकतं, हे धरूनच चाला. आधार द्यायचा तो नोकरीचा. रेल्वे, सेनादल, निमलष्करी दलं खेळाडूंच्या कोट्यातून भरती करतात, आणि जाहिरातीत पाहिलं जातं ते बहुधा राष्ट्रीय स्पर्धेतला पहिल्या तिघांतला क्रमांक.

कागद तेव्हाचे तेव्हा घ्या. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळल्याचा दाखला ठरावीक नमुन्यात, म्हणजे फॉर्म-2 वर, संघटनेच्या सचिवाच्या सहीने लागतो. शालेय राष्ट्रीय स्पर्धेसाठी फॉर्म-4 वेगळा. तीन वर्षांनी सही मागायला गेलात आणि तोवर पदाधिकारी बदलले, संघटनेत वाद झाला, तर पदक भिंतीवर राहतं आणि अर्ज बाद होतो. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, निकालपत्रक आणि वजनगट एका फाइलमध्ये ठेवा. जन्मदाखला, आधार आणि दहावीचं प्रमाणपत्र यांत नाव आणि तारीख अक्षराअक्षराने सारखी हवी. 2025 मध्ये महासंघाने खोट्या जन्मदाखल्यांवरून मल्लांना निलंबित केलं आहे. 'एक वर्ष कमी दाखवू' असा सल्ला कुणी दिला तर तिथून उठून या.

शिक्षण सोडवू नका. सराव आणि कॉलेज जमेनासं झालं तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी करता येते. पुढे पटियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम किंवा शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची तर पाटी कोरी चालत नाही. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर शस्त्रक्रियेनंतर गादीवर यायला किमान नऊ महिने लागतात, आणि काही जण परत येतच नाहीत. त्या दिवशी बारावीचा कागद कामाला येतो. दुखापतीचंच निघालंय तर कानाचंही सांगून ठेवतो. कान सुजून रक्त साचलं तर दोन-तीन दिवसांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून काढून दाबपट्टी बांधायची. तालमीत कुणीतरी सुई टोचून काढतो, त्याला देऊ नका, पू होतो. डोक्याला मार लागून चक्कर, उलटी किंवा धूसर दिसणं झालं तर त्या दिवशी गादी बंद आणि थेट बांबोळीचं इस्पितळ.

रिंगचं आता सांगतो, कारण मुलाच्या मनात तेच आहे आणि त्याला उडवून लावलंत तर तो तुमचं बाकीचंही ऐकणार नाही. रिंगचा तळ गादी नसतो. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि कॅनव्हास. पहिल्या काही आठवड्यांत शिकवतात ते पडणं: हनुवटी छातीला, श्वास बाहेर, पाठीचा वरचा भाग सपाट टेकवायचा, हात शरीरापासून 45 अंशांत आपटायचे. आधी उकिडवं बसून, मग उभं राहून, मग फेकला जाऊन. हनुवटी सुटली की डोकं आपटतं. दोरांवर धावल्यावर बरगड्या काळ्यानिळ्या होतात. त्याहून अवघड भाग बोलण्याचा. माइक हातात घेऊन दोन मिनिटं हजारो लोकांना धरून ठेवणं, तेही परदेशात इंग्रजीत. अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीचं प्रशिक्षण केंद्र फ्लोरिडात ऑर्लँडोला आहे. तिथे पोचणारे बहुतेक दुसऱ्या खेळात नाव काढून आलेले असतात. आणि तिथले मल्ल कंपनीचे नोकर नसतात, कंत्राटावर असतात.

भारतात खलींची अकादमी 2015 पासून जालंधरला आहे. पण भारतात नियमित मोबदल्याचे कार्यक्रम फार थोडे, आणि अकादमीत शिकणाऱ्याने आधी आपणच पैसे भरायचे असतात. 18 पूर्ण झाल्यावर, गादीवर दोन-तीन वर्षं काढल्यावर, त्याला अजूनही हेच हवं असेल तर जरूर जाऊ द्या. तोवर त्याला इंग्रजी बोलायला आणि गावच्या नाटकात उभं राहायला सांगा. पेडण्यापासून काणकोणपर्यंत आपल्याकडे जत्रेला, शिगम्याला नाटकं होतात. चारशे माणसांसमोर न अडखळता बोलता येणं रिंगमध्ये पैलवानकीइतकंच मोलाचं आहे. गोव्याला किनारा आहे, तेव्हा बीच रेसलिंगही करून बघा: तीन मिनिटांची कुस्ती, आधी तीन गुण घेईल तो जिंकला. धक्का आणि तोल यांचा त्याइतका चांगला सराव दुसरा नाही. फक्त भुसभुशीत वाळूत लांब पळवू नका, टाचेची शीर धरते.

आता 'कुठे' चं उत्तर. गोव्यात सहा-आठ महिने झाले की एप्रिल-मेच्या सुट्टीत त्याला तीन आठवडे बाहेर ठेवा. चोर्ला घाट चढला की बेळगाव. तिथे कुस्तीची जुनी परंपरा आहे, भाषा आपली, आणि काही झालं तर संध्याकाळपर्यंत तुम्ही पोचता. पहिल्यांदा तेच बरं. पुढे कोल्हापूर: गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं मोठी आहेत, पण नावावर जाऊ नका. स्वतः पहाटे जाऊन उभे राहा आणि बघा. त्याच्या वजनाच्या पाच किलो इकडे-तिकडे किती मल्ल रोज झटतात? माती आहे, पण गादी आहे का, आणि आठवड्यातून किती दिवस? नव्या मुलांना कोण शिकवतं, वस्ताद स्वतः की त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा मुलगा? खुराक कोण रांधतं? दुखापत झाली तर कोणत्या डॉक्टरकडे नेतात? गेल्या वर्षी इथून कोण राष्ट्रीय स्पर्धेत खेळलं आणि कितवा आला? इंजेक्शनबद्दल सरळ विचारा आणि उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा.

तालीम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असली तरी नोंदणी गोव्याचीच ठेवा. दोन राज्यांकडून खेळता येत नाही. महाराष्ट्र केसरीची निवड त्यांच्या जिल्ह्यांतून होते, तिचा मोह आत्ता नको. गोव्याकडून खेळण्याचा फायदा राष्ट्रीयपर्यंतचा मोकळा रस्ता. तो बाहेरच्या जोडींवर घासून तयार झालेल्या मुलाला मिळाला तरच त्याचं पदक होतं.

(तुमचा धाकटा मुलगा 10 वर्षांचा आहे असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्यालाही ओढ असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात मुलांची क्रीडा कंपनी आहे. अशा कंपन्यांत प्रवेश साधारण 8 ते 14 वयात, चाचणी घेऊन होतो. राहणं, खाणं, शाळा, सराव एकाच ठिकाणी. थोरल्याचं वय त्यासाठी निघून गेलंय, धाकट्याचं नाही. चाचणीची जाहिरात येते तेव्हा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला तयार ठेवा.)

तीन आठवडे संपल्यावर वस्तादांना 'पोरगा कसा आहे' असं विचारू नका, सगळे चांगलाच म्हणतात. विचारा: रोज वेळेवर आला का, हरल्यावर पुन्हा त्याच मुलासमोर उभा राहिला का, आणि तुम्ही त्याला पुढच्या वर्षी ठेवून घ्याल का. तिन्हींना सरळ होकार आला तर बारावीची परीक्षा झाल्यावर बॅग भरा. पहिल्या दोनांपैकी एकालाही वस्ताद अडखळले तर आणखी एक वर्ष साखळीतच ठेवा आणि पुढच्या एप्रिलला परत न्या.